चष्मेवाल्यांचं कोसीनो

"दुभाषी कशाला हवा? मी आहे ना!" चष्मेवाले छाती पुढे काढून म्हणाले.

लेकीच्या होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदाच घरी जेवायला येणार होत्या. बाईंना स्पॅनिशशिवाय एक अक्षर कळत नव्हतं. चष्मेवाल्यांनी महिनाभर दुकानात काचा घासता घासता एक क्रियापद घोटलं होतं. 'कोसीनार', म्हणजे स्वयंपाक करणं. "अगं, हे चष्म्यासारखं असतं," त्यांनी बायकोला समजावलं. "फ्रेम तीच, काच बदलायची! कोसीनो, मी करतो. कोसीनास, तू करतेस. कोसीना, ती करते. कोसीनामोस, आपण करतो!"

"बरं. आता जरा बाजूला व्हा, तेल तापलंय," बायको म्हणाली. ती सकाळपासून ओट्याशी उभी होती.

"बाबा, तुम्ही फक्त हसा. बोलायचं मी बघते," लेकीने बजावलं. पण जेवण रंगात आलं आणि बर्फ संपला. लेक आणि होणारे जावईबापू तो आणायला खाली गेले, बायको रस्सा गरम करायला आत गेली. टेबलाशी उरले चष्मेवाले आणि विहीणबाई!

विहीणबाईंनी माशाचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि काहीतरी विचारलं. हे कुणी केलं, असंच असणार! चष्मेवाल्यांना सांगायचं होतं, 'ती करते'. पण पाढा कसा मधूनच म्हणता येत नाही, तसं त्यांचं क्रियापद पहिल्यापासूनच सुरू व्हायचं.

"कोसीनो..." त्यांनी सुरुवात केली.

विहीणबाईंनी टाळीच वाजवली! उठून त्यांचे दोन्ही हात धरले, गालाला गाल लावला. चष्मेवाले टोमॅटोसारखे लाल झाले.

"नो, नो! कोसीनो, कोसीनास..." ते पुढे रेटत होते, तोच विहीणबाई थबकल्या. मी करतो, तुम्हीही करा? एवढा आग्रह! त्यांनी बाह्या सरसावल्या.

"अहो, बसा! कोसीनामोस!" घाबरून चष्मेवाले नेमकी हवी ती पायरी गाळून पुढे घसरले. आपण मिळून करू! मग काय, विहीणबाईंनी त्यांचा दंड पकडला आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. उरलेला कच्चा मासा ओट्यावर दिसताच तो त्यांच्यापुढे सरकवला.

बायको झारा हातात घेऊन बघतच राहिली.

"अगं, मीठ कुठे असतं?" चष्मेवाले कुजबुजले.

"इतकी वर्षं जिथे असतं तिथेच."

त्यांनी एक खण उघडला. त्यात मेणबत्त्या. दुसऱ्यात पिशव्या. विहीणबाई कौतुकाने वाट बघत होत्या. इतक्यात लेक बर्फ घेऊन आली. विहीणबाईंनी तिला धो धो काहीतरी सांगितलं. लेकीचा चेहरा पडला.

"आई, त्या म्हणतायत, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. एवढा स्वयंपाक एकट्याने केला, तुला काडी उचलू दिली नाही."

बायकोने झारा खाली ठेवला. तिने मनगट नळाखाली धरलं. सकाळी तेल उडालं होतं तिथे फोड आला होता. चष्मेवाल्यांना तो आत्ता दिसला. दिवसभर ते तिच्याच आजूबाजूला क्रियापद घोकत फिरत होते! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"तूच सांग गं त्यांना," ते लेकीला म्हणाले.

"तिने का? तुम्हाला येतं ना?" बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. मान वर होईना. "यो... नो कोसीनो," ते म्हणाले. मग बायकोकडे बोट दाखवून, अगदी बारीक आवाजात, "एया. एया कोसीना."

विहीणबाईंनी मनगट पाहिलं, उघडे खण पाहिले. त्यांनी बायकोला जवळ घेतलं, खुर्चीवर बसवलं, तिच्या हातात बर्फ दिला. मग वळून एक कांदा चष्मेवाल्यांच्या तळहातावर ठेवला.

"कोसीनास," त्या म्हणाल्या.

लेक भाषांतर करायला पुढे झाली.

"राहू दे," बायको म्हणाली, "कळलं सगळ्यांना."

चष्मेवाल्यांनी सुरी उचलली. कांदा कुठल्या बाजूने सोलायचा, हे विचारायचं मात्र त्यांना मराठीतूनसुद्धा धैर्य होईना.