ऐंशीला पोदुम

आमचे घरमालक सेतुमाधवराव लॅपटॉपची बॅटरी स्टीलच्या डब्यात ठेवत. डब्यात जुन्या धोतराचा मऊ तुकडा, त्यावर बॅटरी, आणि डबा माठाशेजारी, घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात. पहिल्या भेटीत त्यांनी तो कौतुकाने पुढे केला तेव्हा मला वाटलं, आता लाडू मिळणार. झाकण उघडलं तर ही काळी ठिक्कर वस्तू!

मी तेव्हा श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात नवा इंजिनिअर होतो आणि नुंगंबाक्कमला त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. रावांचं घराणं तंजावरचं मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या. त्यांचं बोलणं ऐकताना जुनी पोथी कुणी तमिळ हेल काढून वाचतंय असं वाटे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, मग मीही म्हणू लागलो. मामा बँकेतून निवृत्त झालेले, मामी वारलेल्या, एकुलती एक मुलगी लग्न होऊन अमेरिकेत. जाताना ती आपला लॅपटॉप त्यांना देऊन गेली होती.

"बॅटरी म्हणजे पोट आहे बघ," मामा सांगत. "तुडुंब भरूं नये, उपाशीही ठेवूं नये." चार्जचा आकडा ऐंशी टक्क्यांवर आला की चार्जर काढून, पंगतीत पानावर आडवा हात धरावा तसा हात धरून ते म्हणत, "पोदुम!" पोदुम म्हणजे पुरे. विसावर उतरला की पुन्हा पोदुम, आणि लॅपटॉप बंद. घरी काम असलं की बॅटरी डब्यात आणि लॅपटॉप थेट विजेवर. मग करंट गेला, आणि त्या वर्षांत तो हमखास जायचा, की मुलीला अर्धवट लिहिलेली मेल गडप. "मेल पुन्हा लिहितां येते," मामा शांतपणे म्हणत. "बॅटरीचें आयुष्य परत येतें का?"

माझा लॅपटॉप सदा चार्जरला लटकलेला. मामा वर आले की आधी भिंतीतला प्लग उपटत, मग बसत. "अय्यो, अजीर्ण होईल रे त्याला!" स्वतःच्या स्क्रीनचा उजेड ते इतका मंद ठेवत की तिच्यावर काही वाचायचं म्हणजे समईच्या उजेडात सुई ओवायची.

"मामा, गेली तर नवी घ्या की," मी एकदा म्हटलं.

"ह्या मॉडेलची आतां कोठेंही मिळत नाही. सगळीकडे विचारलें." एवढं बोलून त्यांनी छाती पुढे काढली. "परंतु अजून दोन तास तग धरते. दाखव मला दुसरी अशी!"

दाखवणार कुठून? आमच्या कारखान्यातल्या भल्याभल्यांच्या बॅटऱ्यांनी कधीच राम म्हटला होता. कंपनीच्या बसमध्ये मीच कॉलर ताठ करून सांगायचो, आमच्या मामांची बॅटरी येऊन बघा.

दोन तासच का, हे एका शनिवारी कळलं. मामांचा गुडघा धरला होता, म्हणून पिशवी सांभाळायला मी त्यांच्याबरोबर अड्यारच्या वृद्धाश्रमात निघालो. तिथे त्यांची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळलेली होती. दर शनिवारी मामा तिला आपल्या मुलीच्या लग्नाचा चांगला दोन तासांचा व्हिडिओ दाखवत. अक्काच्या खाटेजवळ प्लग नाही, आणि वायर पसरायला सिस्टर देत नाहीत.

"अक्काला कांहीं आठवत नाही," रिक्षात मामा म्हणाले. "तिला वाटतें, लग्न आतांच चाललें आहे. एकदां मंगळसूत्राच्या आधींच बॅटरी संपली. ती म्हणाली, लग्न मोडलें. बाकी सगळें विसरते, तें मात्र विसरली नाही. आठवडाभर रडली, जेवेना. तेव्हांपासून मी बॅटरी सांभाळायला शिकलों."

व्हिडिओ सुरू झाला. उकाडा मरणाचा, आकडा भराभर उतरत होता. भटजी मात्र सावकाश. मी अक्षरशः देव पाण्यात घालून बसलो. शेवटी एकदाचं मंगळसूत्र गळ्यात पडलं. मामांनी खिशातून अक्षता काढून अक्काच्या हातात दिल्या. तिने त्या थेट स्क्रीनवर उधळल्या, निम्म्या कीबोर्डात शिरल्या. बॅटरीला धुळीचा कणही न लागू देणाऱ्या मामांनी उरलेल्या अक्षताही तिच्या हातावर ठेवल्या.

"झालें बाई लग्न," अक्का म्हणाली आणि समाधानाने डोळे मिटून झोपी गेली. मला मामांचा असा अभिमान वाटला की उठून त्यांच्या पाया पडावं.

आकडा विसावर आला होता. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. "मामा, पोदुम."

मामांनी माझा हात धरला. "थांब. विसाखालचें सगळें हिचें."

स्क्रीनवर पंगत बसली होती. नऊवारी नेसलेल्या मामी पायसम वाढत कॅमेऱ्याकडे येत होत्या. कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी त्या हसून म्हणाल्या, "अहो, नुसते बघत काय राहिलांत? जेवा आतां."

मामांनी बटण दाबत दाबत उजेड पूर्ण वाढवला. बॅटरी संपून स्क्रीन काळी झाली, तरी ते पोदुम म्हणाले नाहीत.