बिनरेषांचा ठसा

माझ्या निरीक्षणशक्तीबद्दल मी स्वतःच बोलणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी बोलत नसल्यामुळे नाइलाज आहे. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर आहे. समोरच्या माणसाच्या चपलेवरून तो कुठून आला हे मी सांगू शकतो. ते चुकलं, तर का चुकलं हेही सांगू शकतो. सध्या मी फर्निचरच्या एका कारखान्यात आहे. कोणत्या गिऱ्हाइकाच्या कामावर कोणी किती तास घालवले, हे संगणकात नीट नोंदलं जातंय ना, ते मी बघतो. कंपनी या पदाला ‘प्रकल्प सहायक’ म्हणते. माझ्या कार्डावर ‘कालशोधक’ आहे. कार्डं मीच छापून घेतली.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मालकीणबाईंनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या कपाटांचा अहवाल उघडा होता. हे काम आमच्या सर्वांत जुन्या सुतारकाकांचं, कालच संपलेलं.

“अंदाज किती तासांचा होता?”

“बत्तीस.”

“आणि नोंद?”

“चौसष्ट. बरोबर दुप्पट.”

“तास कधीचे आहेत ते वाचा.”

मी वाचलं. सोमवारपासून काकांनी रोज संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ काम केलं होतं. शिवाय दुपारी एक ते दोन, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत. दिवसभरात बाकी शून्य.

“रात्री वर्कशॉपला कुलूप असतं, किल्ली माझ्या पर्समध्ये असते,” मालकीणबाई म्हणाल्या. “आणि हा अहवाल आपोआप गिऱ्हाइकालाही जातो. डॉक्टरीणबाईंनी विचारलंय, तुमचे सुतार झोपतात कधी? दोन वाजता मला शाळेच्या ग्रंथालयाचा गोल जिना कोणाकडे द्यायचा ते ठरवायचंय. खोट्या नोंदी करणाऱ्या माणसाला मी तो देणार नाही. मग तो कितीही जुना असो.”

गोल जिना! काका वीस वर्षं चौकोनी कपाटं करत आलेत. एक तरी गोल गोष्ट हातून व्हावी, असं ते सगळ्यांना सांगतात. माझ्या टेबलालाही एकदा सांगितलं होतं, मी जागेवर नव्हतो म्हणून.

साडेचार तास होते. मी तपास हाती घेतला. आमच्याकडे फोन घेणाऱ्या ताईंना मी सहायक नेमलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

पहिली शक्यता जुळ्या भावाची. तास बरोबर दुप्पट आहेत, म्हणजे माणसंही दोन असली पाहिजेत.

“काकांना तीन बहिणी आहेत,” ताई फोन ठेवत म्हणाल्या.

“जुळ्या?”

“मोठ्या.”

दुसरी शक्यता, रात्री कोणीतरी आत शिरतं. याची मला आधीच शंका होती. म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी वर्कशॉपच्या दारात लाकडाचा बारीक भुसा पसरून ठेवला होता, पावलं उमटावीत म्हणून. आता जाऊन पाहिलं, तर माझा भुसा कोणता आणि सुताराचा कोणता, हे सांगता येईना.

मग मी मूळ नोंदींकडे वळलो. वर्कशॉपच्या दाराशी भिंतीवर टॅब्लेट लावलेला आहे. त्यावर प्रत्येकाच्या नावाखाली एकच बटण. दाबलं की काम सुरू, पुन्हा दाबलं की बंद, आणि दर वेळी ‘टिक’ असा आवाज. यादीत सर्वांत वर सोमवारी सकाळी नऊची एक नोंद होती, चार सेकंदांची. इतर नोंदी तासांत असताना चार सेकंद हे उघडच मोजणीतल्या चुकीत मोडतं. मी ती वगळली.

आणि तेवढ्यात मला तो दिसला. काकांच्या बटणावर एक तेलकट ठसा होता. मोठ्या नाण्याएवढा, गोल, आणि त्यावर एकही रेष नव्हती!

“बोटांच्या रेषा जाळून घेतलेला सराईत गुन्हेगार,” मी ताईंना हळूच सांगितलं.

“कपाटांसाठी?”

मी पेन्सिलीचं शिसं किसून सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेतले. रंगकाम करणाऱ्याचा अंगठा निळा होता, तरी जुळला नाही. काकांच्या बोटांवरच्या रेषा घासकागदाने खरोखरच पुसल्या गेल्या होत्या. मला मनापासून वाईट वाटलं. पण आकार जुळेना. ठसा त्यांच्या अंगठ्यापेक्षाही मोठा होता.

“काका, तुम्ही बटण दाबता?”

“दाबतो की. रोज चार वेळा, नेमाने. आल्यावर, जेवायला जाताना, जेवून आल्यावर, घरी जाताना.”

“कोणत्या बोटाने?”

“बोटाने कसं दाबणार? बोटांना सदा सरस असतो, म्हणून मी...”

मी त्यांना थांबवलं. साक्षीदाराला जास्त बोलू दिलं, की तपास भरकटतो.

“पोरा,” काका जाताना म्हणाले, “जिन्याचं काय होईल रे?”

मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

एकला पाच मिनिटं कमी असताना ताई पाण्याची बाटली भरायला आल्या. “हेरसाहेब, ते बटण दाबताना तुम्ही त्यांना कधी पाहिलंत का?”

“शोधक पाहत बसत नाही ताई, निष्कर्ष काढतो.”

“मग मी पाहते,” म्हणाल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

एक वाजला. काका आले. दोन्ही हात सरसाने माखलेले, म्हणून अंगापासून लांब धरलेले. त्यांनी मान झटकून चष्मा डोक्यावर चढवला, पुढे वाकले आणि नाकाने बटण दाबलं. टिक झालं. मग ते हात धुवायला निघून गेले.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: ‘काम सुरू’.

“काका जेवायला गेले,” ताई म्हणाल्या, “आणि याच्या मते कामाला लागले. अहो, हे उलटं बसलंय.”

माझ्या डोळ्यांपुढे ते चार सेकंद आले. सोमवारी सकाळी नऊला शेजारची रंधा मशीन चालू होती. काकांनी नाकाने दाबलं. टिक ऐकू आलं नाही. चष्म्याशिवाय अक्षरं दिसली नाहीत. म्हणून पुन्हा दाबलं. सुरू, बंद. त्यानंतर आठवडाभर ते नेमाने दाबत राहिले, आणि यंत्र तितक्याच नेमाने उलटं मोजत राहिलं. काका जेव्हा काम करत नव्हते, नेमके तेच तास चौसष्ट होते. केलेले तास बत्तीस. अंदाजाइतकेच. एक मिनिटही इकडेतिकडे नाही.

मी धावत जाऊन हे सगळं मालकीणबाईंना सांगितलं. “गुन्हेगार नाक आहे,” असं म्हणून थांबलो, म्हणजे परिणाम व्हावा.

“हे तुम्ही शोधलंत?”

“ताईंनी. मी त्यांना योग्य जागी उभं केलं.”

“मी पाणी भरायला गेले होते,” ताई दारातून म्हणाल्या.

मालकीणबाईंनी नोंदी उलट्या करून घेतल्या, डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि त्यांच्याबरोबर बराच वेळ हसल्या. मग काकांना बोलावलं आणि गोल जिन्याचा नकाशा त्यांच्यासमोर पसरला. काकांचे हात धुतलेले होते, तरी त्यांनी ते सदऱ्याला पुसले आणि मगच कागदाला लावले.

थोड्या वेळाने ते टॅब्लेटपाशी आले. जिन्याची पहिली फळी दोन्ही हातांत उभी धरलेली. पडद्यावर नवं काम आलं होतं. आम्ही सगळे आपापली कामं सोडून पाहत होतो. काकांनी चष्मा वर सारला आणि वाकले.

शेजारी रंधा मशीन सुरू होती. काका वाकलेलेच राहिले.

“वाजलं का रे?”

“वाजलं!” सगळं वर्कशॉप ओरडलं.

मी घड्याळ पाहून वहीत लिहिलं: दोन वाजून सतरा मिनिटं, गोल जिना, सुरू.