कर्णिककाकांची दोन मिनिटं

आमच्या समोरचे कर्णिककाका गळ्यात स्टॉपवॉच अडकवल्याशिवाय कॉम्प्युटर चालू करत नाहीत. बटण दाबलं की "सुटला!" म्हणून खणखणीत ओरडतात आणि खुर्चीत ताठ बसून राहतात. पडद्यावर सगळं येऊन बाण हलायला लागला की "पोचला!" वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे दोन शब्द तीन मजले ऐकू जातात. मला विचाराल तर असा माणूस समोर राहतो याचा मला अभिमान आहे. बाकीच्यांच्या समोर नुसते दरवाजे असतात.

काकांचा सगळा जन्म एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेला. "मशीन बिघडत नाही, माणूस घाई करतो," हे त्यांचं ठाम मत. मिक्सर असो की लिफ्ट, बिघाड शोधायची रीत एकच. "एका वेळी एकच!" एक गोष्ट बदलायची, तपासायची, वहीत लिहायची, मग पुढची. माझा मिक्सर त्यांच्याकडे होता तो आठवडा आम्ही चटणीशिवाय काढला. पण तो आजतागायत कुरकुरलेला नाही.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून घरात काका आणि तो जुना कॉम्प्युटर. दसऱ्याला त्याची हार, हळदकुंकू, अक्षता अशी साग्रसंगीत पूजा होते. यंदा दसऱ्यानंतर कल्याणहून त्यांचा मुलगा मंदार आला आणि त्याने कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकली. पूर्वी सव्वा मिनिटात पोचणारा गडी सव्वातीन मिनिटं घ्यायला लागला.

"काका, अक्षता गेल्या असतील पंख्यात," मी म्हटलं.

काकांनी झाकण उघडलं. सात दाणे निघाले. ते वहीत लिहिले गेले. वेळ मात्र सव्वातीनच.

"बाबा, भंगारात द्या आता," मंदार म्हणाला. "पुढच्या रविवारी नवीन घेऊन येतो."

"दोन मिनिटांच्या आत आणून दाखवला तर?"

"तर ठेवा हाच."

मंगळवारी मला दुसरं घड्याळ म्हणून नेमण्यात आलं. "अगं सुजाता, एकाच घड्याळावर विश्वास ठेवणारा माणूस मेंटेनन्समध्ये टिकत नाही." कॉम्प्युटर चालू होताना आपोआप सुरू होणारे तेवीस प्रोग्रॅम काकांनी शोधून काढले होते. एक बंद करायचा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा, वेळ मोजायची. ज्या प्रिंटरला घरातून जाऊन वर्षं लोटली त्याचाही प्रोग्रॅम रोज सकाळी हजर. व्हायरस पकडणारे तर तीन. "बघ, तीन वॉचमन ठेवलेत आणि तिघं एकमेकांनाच आत सोडत नाहीयेत!" त्यातल्या दोघांना काकांनी रीतसर निरोप दिला. शुक्रवारी वेळ दोन वीसवर अडली तेव्हा काका जेवले नाहीत. शनिवारी आणखी चार प्रोग्रॅम गेले.

रविवारी मंदार नवा खोका घेऊनच आला. "सुटला!" मी श्वास रोखून उभी. "पोचला!" दोन्ही घड्याळांत एक मिनिट चोपन्न. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी मिशीवरून हात फिरवला.

मंदार मात्र प्रोग्रॅमची यादी बघत होता. "बाबा, हा एकटाच ऐंशी सेकंद खातोय. आईचा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम. नव्या सिस्टिमशी त्याचं जमत नाही. हा काढला असतात तर पहिल्याच दिवशी जिंकला असतात की."

"काढला होता. सोमवारी, सगळ्यात आधी. एक पंचावन्न आली."

मी चकित झाले. मी इतके दिवस घड्याळ धरून कशासाठी उभी होते?

"मग?" मंदारने विचारलं.

"मग परत लावला. तो सुरुवातीला चालू झाला नाही तर तिची पत्रं उघडतात, पण अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. म्हणून तो ठेवून बाकीच्यांतून वेळ काढला."

काकू वर्तमानपत्रांना पत्रं लिहायच्या हे मला ठाऊक होतं. रस्त्यातले खड्डे, मालिकांमधल्या सुना, कोथिंबिरीच्या जुडीतलं गवत, काही सुटायचं नाही.

"एकशेबारा पत्रं आहेत," काका म्हणाले. "छापून आली चार. संपादकांना कळलं नाही त्याला ती काय करणार? पण एकेक पत्र काय आहे म्हणून सांगू! मी रोज एक वाचतो. बाकीची एकशेआठ कुणी तरी वाचायला हवीत ना?"

मंदारने खोका दाराबाहेर नेऊन ठेवला आणि खुर्ची ओढून बापाशेजारी बसला.

"मोठ्याने वाचा, बाबा."

काका चष्मा पुसून उभे राहिले आणि कडक आवाजात त्यांनी सुरुवात केली, "संपादक महाशय यांस..."