रिकामं जनुक

संस्थेत काटकसर समिती येणार म्हणून बाईंनी काचघरातल्या कुंड्यासुद्धा पुसून ठेवल्या. बाई तिथल्या एका जातीच्या झाडावर संशोधन करत. त्याच्या कडू पानांपासून तापाची गोळी होई, आणि घरी बाईंच्या वन्सं त्याच गोळीच्या आधाराने चालत्याफिरत्या होत्या.

समितीच्या साहेबांनी झाडाचा अहवाल हजेरीपत्रकासारखा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे एकच जनुक दोनदा कसं?"

"नक्कल झालीय, साहेब. फार पूर्वी, चुकून."

"म्हणजे चुकून भरती. पहिलं काय करतं?"

"झाडाचं रोजचं पोटापाण्याचं काम बघतं. त्यामुळे दुसरं मोकळं राहिलं. लाखो वर्षं काहीबाही करून बघत बसलं, त्यातून एकदा हा कडू रस जमला. अळ्या फिरकेनाशा झाल्या, झाड तगलं."

"लाखो वर्षं बिनकामाचं, आणि कोणी जाब विचारला नाही?"

"विचारला असता तर औषध झालं नसतं," बाई हळूच म्हणाल्या.

"रसाचा आदेश कोणाचा होता?"

"अळ्यांचा म्हणा."

साहेबांनी नोंद केली : 'बाह्य दबावाखाली, विनापरवानगी काम.' एका कामाला एकच जागा, या नियमाने दुसरं जनुक कापायचं ठरलं. ते तंत्र एकट्या बाईंना येत असल्याने आदेशही त्यांच्याच नावे निघाला. बाईंनी तीन विनंतीअर्ज केले. एकाच विषयावरचे म्हणून दोन रद्द झाले. उरलेल्याला नकार आला. शेवटी देवाला हात जोडून बाईंनी तेच हात कामाला लावले.

सुधारित रोपं वाढली, तशी जुनी झाडं दुबार ठरून मुळासकट उपटली गेली. नवी पानं गोड निघाली. साहेबांनी एक चाखून 'उत्तम' असा शेरा मारला. अळ्यांचंही तेच मत पडलं. आठवड्यात नुसत्या काड्या उरल्या. झाडच नाही, तर काचघर कशाला, म्हणून त्यालाही कुलूप लागलं. साहेबांना बढती मिळाली.

बाई रिकाम्या हाताने घरी आल्या. तापाने फणफणलेल्या वन्सं उशीला टेकून समितीने घरोघर वाटलेला अर्ज भरत होत्या : 'आपल्या परिसरातील अतिरिक्त व्यक्ती कळवा.'

"वहिनी, शेजारचा तो दिवसभर चिखलाची चित्रं करतो ना, त्याचं नाव टाकलंय. कोणाच्या उपयोगाचा आहे? आणि गोळ्या कुठायत?"

बाईंनी कपाळावर ओली पट्टी ठेवली.

असा अर्ज तुमच्याही दारात येईल. नाव शोधायला वेळ लागणार नाही; हे वाचता वाचताच एक सुचलंय तुम्हाला, आणि ते तुमचं स्वतःचं नाही.