दुपारी लुकलुकणारा दिवा

कंग्राळीच्या मारुतीरावांच्या घरात टीव्हीशेजारी एक काळी पेटी होती. उद्यमबागच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले तेव्हा लेकीनं, रचनानं, ती बसवून दिली होती. घरचे सगळे फोटो, व्हिडिओ त्या पेटीत होते आणि इंटरनेटवरून कुठूनही बघता येत. पण आता पेटी म्हातारी झाली होती.

"आप्पा, कंपनीनं तिचं अपडेट बंद केलंय," रचना पुण्याहून फोनवर म्हणाली. "एखादा हॅकर शिरला तर सगळ्याला कुलूप घालून बसेल. तिची इंटरनेटची वायर काढून टाका."

मारुतीराव "व्हय व्हय" म्हणाले आणि विसरले. पण दुपारी बघतात तर पेटीचा हिरवा दिवा लुकलुकतोय. टीव्ही बंद, जयाबाई शेंगा फोडत बसलेल्या.

"जया, आत कोणतरी शिरलंय!"

"मांजर आसंल."

"पेटीत गं! हॅकर!"

त्यांनी वायर उपटली. दिवा शांत झाला. मग ही बातमी पोटात ठेवणं त्यांना जमेना. कट्ट्यावर शामूनं विचारलं, "कुठला हुता वो?"

"भायेरच्या देशातला. आपलं जेवाण झाल्यावर शिरला, म्हंजे तिकडं सकाळ आसंल."

गल्ली हादरली. ज्यानं त्यानं आपापल्या मोबाइलचा पासवर्ड बदलला, आणि संध्याकाळी नवा पासवर्ड विसरलेली अर्धी गल्ली मारुतीरावांच्या दारात उभी राहिली. त्या गर्दीतच सांबऱ्याहून भाच्याचा, भरमूचा फोन आला.

"मामा, पेटी बिघडली काय? आयी दुपारपासनं जेवली न्हाय."

"आक्काचा आनि पेटीचा काय संबंध?"

"रोज दुपारी टीव्हीवर तुमच्या लग्नाचा व्हिडिओ बघती न्हवं. बाबा नाचत्यात त्यात. पासवर्ड तुमीच दिलासा की, यात्रेत मटण वाढताना!"

दाजी गेल्याला वर्ष होत आलं होतं. वायर परत जोडायला गेलेला हात मारुतीरावांनी मागं घेतला. रचनाचंही खोटं नव्हतं. शेवटी फोनवर लेकीची बोलणी खात त्यांनी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि सकाळी मोटरसायकलला किक मारली.

सांबऱ्यात राजाबाई आक्का टीव्हीसमोर बसल्या. वरातीत दाजी दोन्ही हात वर करून नाचत होते, पटका सुटून गळ्यात आला होता. आक्का हसल्या, मग पदरानं डोळे पुसले.

"आता सगळं ह्यात हाय, आक्का," मारुतीराव म्हणाले. "इंटरनेट नको, पासवर्ड नको."

"सगळं एकदम आणलास व्हय रं?" आक्कांचा चेहरा उतरला. "थोडं थोडं आणायचं हुतं. ती पेटी आल्यापासनं, ह्यांच्या दिवसकार्याला सोडून, तू ह्या घराची पायरी चढलायस कवा?"

मारुतीराव घाईघाईनं म्हणाले, "सगळं कुठलं? भरमूच्या बारशाचं ऱ्हायलंय की. पुढच्या आयतवारी आणतो."

भरमूच्या बारशाला कॅमेरावाला बोलावलाच नव्हता, हे आक्कांना पक्कं ठाऊक होतं.

"मग जेवायलाच ये," त्या म्हणाल्या.