अप्पांचा न वाजणारा पेन ड्राइव्ह

मध्यंतरी काही महिने बमरोलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे नवा टीव्ही आला, की त्याला हळदकुंकू लागायच्या आत सुकदेवअप्पांचा पेन ड्राइव्ह लागायचा. पेढे घेऊन निघालेल्या यजमानाला दारातच अडवून अप्पा विचारायचे, "चोवीस बिट वाजस का?"

वाजत नसे. पडद्यावर 'फॉरमॅट चालत नाही' अशी पाटी येई. "बिल शे ना? वापस करी दे," असा सल्ला देऊन अप्पा पेढा खात आणि निघून जात. माझं होम थिएटरही असंच नापास झालं.

अप्पा पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे साड्या रंगवायच्या कारखान्यात, कलर मास्टर. साडीच्या दोन लॉटमधला रंगाचा केसभर फरक दारातून ओळखणार. मी कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढतो, म्हणजे मला फाइलींतलं सगळं कळतं, असा त्यांचा समज. मी मूळचा जालन्याचा, पण त्यांची अहिराणी आता मला पाठ झालीय. एकदा म्हटलं, "अप्पा, एमपीथ्री करून देतो. दोन मिनिटांचं काम, कुठेही वाजेल."

"एमपीथ्री म्हन्जे धुईधुईसन इटेल कापड!" अप्पा भडकले. "रंग दिसस, जान निंघी जास."

"पण चाळीस वर्षं मशीनच्या धडधडीत काढलीत. तुम्हाला तो फरक ऐकू येईल?"

"माले आयकू नही ये, पन फाइलमा ते ऱ्हाई ना!"

यावर मी एमपीथ्रीचा विषय सोडला, कारण फाइलमध्ये काय आहे ते मला ठाऊक होतं. अप्पांच्या बायकोच्या, सुमनअक्कांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली होती. दिवाळीनंतर ऑपरेशन होतं. आवाज पूर्वीसारखा राहील की नाही हे आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याच आठवड्यात अप्पांनी भारीतला, आवाजातलं बारीकसारीकही टिपणारा चोवीस बिटचा रेकॉर्डर मागवला. अक्का श्रावणातल्या कानबाईच्या सणाची गाणी फार गोड म्हणत. ती त्यांना आहेत तशी, सूतभरही न उतरता, हवी होती.

पण यंत्र समोर ठेवलं की अक्कांचं तोंड शिवलेलं. म्हणून अप्पांनी रेकॉर्डर फ्रिजवर, पिठाच्या डब्यामागे लपवला. गाणं एकही मिळालं नाही. मिळालं ते असं: "डबा आजबी इसरनात ना?" "ओला टॉवेल पलंगवर कोनी टाका?" एक श्वासही न गाळलेली, उत्तमातल्या उत्तम दर्जाची सात तासांची बोलणी. हसून माझी पुरेवाट झाली. अप्पा हसले नाहीत. "चालशे," म्हणाले, "आवाज ते तोच शे ना."

आता सॅम्पल तपासल्याशिवाय ते लॉट पास कसा करणार? रेकॉर्डरचा स्पीकर शर्टाच्या गुंडीएवढा, त्यातून अप्पांच्या कानापर्यंत काही पोचेना. म्हणून ती घरोघरची फिरती. शेवटी ती फाइल जशीच्या तशी वाजवणारा एक छोटा प्लेअर मीच शोधून मागवला. तो आला तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. आठ दिवस अक्कांना एक शब्दही बोलायची मनाई होती.

माझे स्पीकर वर त्यांच्या घरी नेऊन तो जोडला आणि रेकॉर्डमधल्या अक्का अप्पांवर ओरडू लागल्या. खऱ्या अक्का पाटी मांडीवर घेऊन ऐकत होत्या. त्यांचे खांदे हसून हसून हलले. मग पाटीवर लिहिलं, 'मी इतकं बोलस?' अप्पांनी ते वाचलं आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. ऑपरेशनपासून घर इतकं गप्प होतं, की तसं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांची मला तेव्हा फार दया आली.

नवव्या दिवशी सकाळी अप्पा पायऱ्या उतरून माझ्या दारात, दम लागलेले.

"बोलनी रे, बोलनी! 'चहा थंडा व्हई ऱ्हायना,' आसं बोलनी!"

"आवाज कसा आहे?"

"जरा जाडा शे. पन तिनाच शे."

"रेकॉर्ड केलं ना?"

"कथानं रेकॉर्ड! मी आयकतच ऱ्हायनू."

तेवढ्यात वरून हाक आली. घोगरी, जपून मारलेली, पण अक्कांचीच. "ओ, आयकी ऱ्हायनात का?"

अप्पांना ती ऐकू गेली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं. तरी त्यांनी ओ दिली नाही. दाराची चौकट धरून तसेच उभे राहिले.

अक्कांनी पुन्हा हाक मारली.