मोहिनी शेवाळे हिला पाण्यातून वाचवल्याबद्दल

नाशकात माणसाने काही चांगलं केलं की त्याचा सत्कार होतो. यावर अपील नाही. वाईट करणारा वकील देतो, जामीन घेतो, सुटतो. चांगलं करणाऱ्याला कायद्याने कसलंच संरक्षण दिलेलं नाही. सन २००१ च्या फेब्रुवारीत मोहिनी शेवाळे हिच्या हातून असा प्रकार घडला. राज्य स्पर्धेत कलात्मक जलतरणाचं सुवर्णपदक तिने मिळवलं, आणि ते लपवण्याचा काहीही प्रयत्न न करता ती एसटीने सरळ नाशकात येऊन उतरली.

कलात्मक जलतरण म्हणजे डोकं पाण्यात, पाय हवेत, नाकाला चिमटा आणि श्वास कोंडलेला, अशा अवस्थेत गाण्याच्या ठेक्यावर नाचायचं. आणि वर आल्यावर काही झालंच नाही असं हसायचं. थोडक्यात, सासरी नांदणाऱ्या कुठल्याही बाईला जमेल असा खेळ. फरक इतकाच, की इथे गुण मिळतात.

मोहिनी लहानपणापासून हे करत होती. नाकाचा खरा चिमटा नाशकात मिळत नव्हता, तेव्हा तिची आई झुंबरबाई हिने दोरीवरचा, कपड्यांचा, लाकडी चिमटा तिच्या नाकाला लावला. पहिली काही वर्षं मोहिनीच्या नाकावर कायम दोन वळ असायचे. झुंबरबाई सटाण्याकडची, बोलणं अहिराणी. शेजारणी म्हणायच्या, "पोरीच्या जातीला हे उलटंपालटं होणं बरं नाही." झुंबरबाई म्हणायची, "मनी पोर मासा शे मासा! माशाले कोणी सांगस का, सरळ चाल म्हणून?"

आता मे महिन्यात देशाच्या संघाची निवड चाचणी होती. मोहिनी वीस वर्षांची होती. पुढची चाचणी चार वर्षांनी, म्हणजे या खेळाच्या हिशेबाने म्हातारपणी. तिला फक्त पाणी हवं होतं. रोज, खोल, चार भिंतींच्या आतलं पाणी. तसं पाणी शहरात गोदातीर जलक्रीडा विकास मंडळाच्या तलावात होतं.

मंडळाचे अध्यक्ष दत्तूभाऊ. त्यांना पोहता येत नव्हतं. उपाध्यक्षांनाही येत नव्हतं. हे मंडळाच्या निःपक्षपातीपणाचं लक्षण मानलं जाई.

"सत्कार तलावावरच," दत्तूभाऊंनी जाहीर केलं. "माणसाचा सत्कार त्याच्या कर्मभूमीवर झाला पाहिजे. ही आपली परंपरा आहे."

तलावाच्या काठावर फार तर शंभर माणसं मावत. सुवर्णपदकाला शंभर माणसं म्हणजे अपमान. तलाव अधीक्षक रंगनाथराव यांनी मग पाहणी केली आणि अहवाल दिला: तलावाचा तळ उतरता आहे. उथळ बाजूला मागच्या रांगा, खोल बाजूला व्यासपीठ. कोणाचंही डोकं कोणाच्या आड येणार नाही. थिएटरच आहे ते. बांधणाऱ्याने चुकून त्यात पाणी भरलं.

पाणी सोडून देण्यात आलं.

"काका," मोहिनी दत्तूभाऊंना म्हणाली, "मला सराव करायचाय. मेमध्ये चाचणी आहे."

"अगं पोरी, तुझ्यासाठीच तर रिकामा केला! दोन दिवसांत परत भरू. गंगा काय पळून चाललीय?"

कार्यक्रमाचा फलक चौकात लागला. त्यावर मोहिनीचा स्पर्धेतला फोटो होता: निळं पाणी आणि त्यातून वर आलेले दोन पाय. दत्तूभाऊंनी तो पाहिला आणि त्यांना घाम फुटला. सत्कारमूर्तीचे पाय जनतेच्या तोंडासमोर? त्यांनी फोटो उलटा लावायला लावला. आता वर पाणी आणि खाली लोंबणारे पाय, अशी मोहिनी आभाळातून गळत असल्यासारखी दिसू लागली. पायही उघडे होते. रंगाऱ्याने रात्रीतून त्यांना सलवार चढवली.

सत्कार थाटात झाला. फरश्यांमुळे आवाज असा घुमला, की साध्या वक्त्यालाही आपण थोर असल्याचा भास झाला. सात वक्त्यांनी पाण्याचं महत्त्व सांगितलं. मोहिनीला बोलायला उभं केलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली.

"मला पाणी पाहिजे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका स्वयंसेवकाने धावत जाऊन तिला ग्लास आणून दिला.

तिसऱ्या दिवशी ती पोहण्याची पिशवी घेऊन तलावावर गेली. मंडप तसाच होता. खाली खुर्च्या मांडण्याचं काम चाललं होतं.

"रंगनाथराव, पाणी?"

"मोहिनीताई, तलाव भरायला ठराव लागतो," रंगनाथराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "ठरावाला सभा लागते. सभेला जागा लागते. आपली जागा म्हणजे हा तलाव. आणि तलावात आज द्राक्ष बागायतदारांचा सत्कार आहे."

"मग उद्या?"

"उद्या मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ. परवा वधूवर मेळावा. तुमच्या कार्यक्रमाचं नाव झालं ना हो! आवाज किती गोड घुमतो म्हणतात लोक. तुमचे उपकार आहेत आमच्यावर."

मंडळाला तलाव पहिल्यांदाच परवडू लागला होता. पाण्याला क्लोरीन लागतं, पंप लागतो, जीवरक्षक लागतो. कोरड्या तलावाला झाडू पुरतो. शिवाय कोरड्या तलावात महिनाभरात एकही माणूस बुडाला नाही, हे दत्तूभाऊंनी जिल्ह्याच्या सुरक्षा समितीला अभिमानाने कळवलं. समितीने मंडळाला प्रशस्तिपत्र दिलं. ते अर्थातच तलावात दिलं.

मोहिनी आईला घेऊन मामाकडे गेली. गेणूमामाने सटाण्याजवळ कांद्यासाठी मोठं शेततळं खोदलं होतं. पाणी हिरवट होतं, पण पाणी होतं. पहिल्या सकाळी मोहिनी त्यात उतरली, नाकाला चिमटा लावला, खाली डोकं वर पाय केले आणि गाणं मनातल्या मनात म्हणत फिरकी घेतली.

बांधावरून यादव नावाचा मामाचा शेजारी चालला होता. त्याला पाण्यातून बाहेर आलेले, थरथरणारे दोन पाय दिसले.

"पोर बुडी ऱ्हायनी रे! धावा!"

यादवने धोतरासकट उडी मारली, मोहिनीचा पाय पकडला आणि तिला काठावर ओढून आणलं. मोहिनी ओरडत होती, "अहो सोडा, मी सराव करतेय!" यादवला वाटलं, पोर भ्रमिष्टासारखं बोलतेय. त्याने तिला पालथी घालून पाठीवर दणादण बुक्क्या मारल्या.

झुंबरबाई धावत आली. "अरे मुडद्या, मनी पोर बुडत नही, पोहस ती!"

"काकू, पोहणारा माणूस डोकं वर ठेवस," यादव धापा टाकत म्हणाला. "मी काय येडा शे का?"

हा युक्तिवाद गावाने एकमताने मान्य केला.

बातमी नाशकात पोचली. राज्यविजेत्या खेळाडूला जलसमाधीपासून वाचवलं! माणसाने चांगलं काम केलं होतं, आणि चांगल्या कामावर अपील नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. दत्तूभाऊंनी कोरड्या तलावात यादवचा शौर्य सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणी कोण? मोहिनी. न येऊन सांगते कोणाला? जिने प्राण वाचवल्याबद्दल दोन शब्द बोलायचे नाहीत, ती पोरगी कृतघ्न. मोहिनीने आपल्या हाताने यादवला फेटा बांधला. फोटोत यादव हसतोय आणि मोहिनी पाठ चोळतेय.

त्यानंतर शेततळ्याच्या काठावर माणसं बसू लागली.

आधी दोघे-तिघे होते, मग जत्रा झाली. वणीहून आले, मनमाडहून दोन रेल्वेवाले रजा टाकून आले. मोहिनी पाण्यात उतरली की सगळे उभे राहत. ती नुसती पोहत असली की नाराज होऊन तंबाखू मळत. पाय वर आले रे आले, की उड्या. पहिल्याने पाय धरायचा, दुसऱ्याने हात, तिसऱ्याने फोटोवाल्याला हाक मारायची. कधी कधी वाचवणाऱ्यांतच कोणी बुडायचा. मग मोहिनी त्याला ओढून बाहेर आणायची. त्याची नोंद कुठे झाली नाही. ती खेळाडूच आहे, तिचं कामच आहे ते.

मार्च-एप्रिलात तिला बऱ्याच वेळा वाचवण्यात आलं. प्रत्येक वेळी नाशकात शौर्य सत्कार आणि प्रत्येक सत्काराला ती प्रमुख पाहुणी. फेटा बांधण्यात तिचा हात इतका बसला, की एका लग्नात तिला त्यासाठी बोलावणं आलं. पण एक नाच सलग पूर्ण करायला तिला एकदाही मिळाला नाही.

शेवटी ती दत्तूभाऊंच्या घरी जाऊन धडकली.

"काका, मला सत्कार नको. शाल नको, नारळ नको. चाचणीच्या आधी आठ दिवस पाणी द्या. पाया पडते."

दत्तूभाऊ गहिवरले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर काही करता आलं असतं. ते म्हणाले, "पोरी, आठ दिवस काय मागतेस? मी तुझी चाचणीच नाशकात आणतो!"

आणि आणली. परीक्षकांना त्र्यंबकचं दर्शन, वणीचं दर्शन आणि द्राक्षांच्या पेट्या असा कार्यक्रम कळवताच त्यांना नाशिकचं हवामान खेळाला पोषक वाटू लागलं. चाचणीसाठी तलाव भरणं भाग पडलं. मंडप निघाला, आदल्या संध्याकाळी पाणी भरून झालं. निळं, स्वच्छ, खोल. मोहिनी काठावर बसून नुसती बघत राहिली. झुंबरबाईने पाण्यात हळदकुंकू टाकलं आणि जीवरक्षकाची बोलणी खाल्ली.

चाचणीच्या दिवशी सकाळी मोहिनी तयार होऊन आली तेव्हा तलाव दिसत नव्हता. त्यावर फळ्या टाकलेल्या होत्या. फळ्यांवर सतरंज्या, सतरंज्यांवर सोफे, सोफ्यांवर परीक्षक.

"हे काय?"

"परीक्षक बाहेरगावचे आहेत," रंगनाथराव दबक्या आवाजात म्हणाले. "त्यांचा सत्कार नको? कर्मभूमीवर करायचा तर पाण्यावरच करावा लागणार. तुमच्यासाठी ही कडेची पट्टी मोकळी ठेवलीय ना. तिथे करा छोटंसं."

भाषणं दुपारपर्यंत चालली. परीक्षक पेंगले. मग दत्तूभाऊ म्हणाले, "आता वेळेअभावी मोहिनी आपली कला थोडक्यात सादर करेल." गाणं लागलं. मोहिनीने उडी मारली.

ती पट्टी न्हाणीएवढी होती. तरीही सांगतो, पहिलं मिनिट तिने असं काही केलं की पेंगणाऱ्या परीक्षकबाई सोफ्यावर पुढे सरकल्या. दहा वर्षांची पहाट त्या एका मिनिटात होती. झुंबरबाईने तोंडावर पदर दाबला. मग मोहिनीने खोल श्वास घेतला, पाण्याखाली उलटी झाली, आणि तिचे दोन्ही पाय सरळ, बाणासारखे, पाण्याबाहेर आले.

काठावर दाटीने बसलेली गर्दी उभी राहिली.

"बुडाली!"

सगळ्या गर्दीने एकदम उडी मारली. वणीवाले, मनमाडवाले, फेटा बांधलेला यादव, वधूवर मेळाव्यात जमलेली दोन जोडपी. उपाध्यक्षांनी मारली. पोहता न येणाऱ्या दत्तूभाऊंनी, फोटोवाला तयार आहे ना हे पाहून, नाक दाबून मारली. फळ्या उलटल्या, सोफे तरंगले. तलावातलं निम्मं पाणी रस्त्यावर आलं आणि उरलेल्यात उभं राहायला जागा उरली नाही. मोहिनी कुठे आहे ते कोणालाच दिसत नव्हतं, कारण जो तो तिला वाचवत होता.

झुंबरबाई काठावरून ओरडत होती, "अरे सोडा तिले! पाच मिनिटं तरी सोडा रे!"

परीक्षक सोफ्याला धरून काठाला लागले, कपडे पिळले, आणि तिथेच निकाल दिला. मोहिनी शेवाळे हिचा नाच अपूर्ण राहिल्याने ती अपात्र. मात्र एवढ्या मोठ्या समूहाने एकाच ठोक्याला, एकाच दिशेने, चेहऱ्यावर हसू ठेवून घेतलेली उडी परीक्षकांनी कारकिर्दीत पाहिली नव्हती. सांघिक प्रकारासाठी नाशिकच्या आठ जणांची शिबिराला शिफारस झाली. दत्तूभाऊ कर्णधार. ते शिबिराला गेले, पाण्यात उतरले नाहीत, आणि आले तेव्हा त्यांच्या स्वागताला बँड होता.

आता मोहिनी नाशकात राहत नाही. दूरच्या एका गावातल्या तलावावर ती लहान मुलींना शिकवते. तिथे तिला कोणी ओळखत नाही, म्हणून तिला काम करता येतं. पहाटे पाण्यातून दहा-बारा जोड्या बारीक पाय एकदम वर येतात आणि काठावरचा म्हातारा पहारेकरी बिडी ओढत शांतपणे बघत बसतो.

त्या गावाचं नाव मी लिहिलेलं नाही. माझ्याकडून राहून गेलं, असं समजू नका. हे वाचता वाचता आत्ता तुमच्या मनात आलं ना, की बिचारीवर फार अन्याय झाला, तिच्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी केलं पाहिजे?

त्याचसाठी लिहिलेलं नाही.